ईसीएमची पेटी आणि ज्ञानाचे कुलूप

जातिव्यवस्थेने आपली जमीन लुटली, श्रम लुटला, माणूसपण लुटले, हे आपण प्रत्येक जयंतीच्या भाषणात ऐकतो. पण तिची सगळ्यात टिकाऊ लूट ज्ञानाची होती. काम कोणी करायचे आणि त्या कामामागचे शास्त्र कोणाला कळू द्यायचे, या दोहोंच्या मध्ये तिने भिंत घातली. आज ती भिंत कुठे उभी आहे असे विचारले की आपला कार्यकर्ता विद्यापीठाकडे, न्यायालयाकडे, वृत्तवाहिन्यांकडे बोट दाखवतो. त्यात चूक काहीच नाही. आम्ही मात्र आज वाचकांना गॅरेजमध्ये नेणार आहोत.

डिझेल पिकअपमध्ये अॅल्युमिनियमची एक चपटी पेटी असते. तिला शंभराच्या आसपास वायरी जोडलेल्या असतात. तिचे नाव ईसीएम, म्हणजे इंजिनाचा मेंदू. कोणत्या इंजेक्टरने कोणत्या क्षणी किती डिझेल सोडायचे हे ती ठरवते. ती बंद पडली की बाकी इंजिन ठणठणीत असूनही गाडी जागची हलत नाही. ही पेटी बदलण्याचे काम वरवर दोन कपलर काढायचे, चार बोल्ट खोलायचे, एवढेच दिसते. एका भावाच्या गाडीच्या निमित्ताने आम्ही ते पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले, आणि समाजशास्त्राच्या एम.ए.ला 'ज्ञान आणि सत्ता' या विषयावर जे वाचले होते ते डोळ्यांसमोर उभे राहिले.

नऊ दिवस उभी गाडी

आम्ही जालना जिल्ह्यात सामाजिक काम करतो. आमच्या वस्तीतल्या एका भावाने कर्ज काढून २०१८ सालची पिकअप घेतली होती. पहाटे गावातला भाजीपाला भरायचा, औरंगाबादच्या जाधववाडी मार्केटला उतरवायचा, येताना मिळेल ते भाडे घ्यायचे. सहा डिसेंबर आणि चौदा एप्रिलला हीच गाडी आमचे पुस्तकांचे स्टॉल वाहायची. ज्या समाजाला गावाने मेलेली ढोरे ओढायला लावली, त्या समाजातला पोरगा स्वतःच्या नावावरच्या गाडीचे स्टेअरिंग धरतो, ही गोष्ट आमच्या लेखी लहान नाही.

एके दिवशी गाडी सुरूच होईना. सेल्फ फिरायचा, इंजिन पकडायचे नाही. टोचन लावून गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या मुलाने स्कॅनर लावला. स्कॅनरचा ईसीएमशी संपर्कच होईना. पंधरा मिनिटांत निकाल लागला : ईसीएम गेला, नवा टाकावा लागेल. अडतीस हजार पेटीचे, कोडिंग आणि मजुरी वेगळी. सगळे पैसे आगाऊ भरायचे, आणि एकदा बसवलेली पेटी परत घेतली जाणार नाही.

भावाने विचारले, "साहेब, पण गेला कशाने?"

"इलेक्ट्रॉनिक पार्ट आहे. जातो."

आमचा आक्षेप या उत्तराला आहे. पेटी गेली हे निदान पुढे खरे ठरले, तेव्हा प्रश्न निदानाचा नाही. अडतीस हजार मोजणाऱ्या माणसाला कारण विचारण्याचा अधिकारच नाही असे गृहीत धरले गेले, हा प्रश्न आहे. मालकाने पैसे द्यायचे, समजून घ्यायचे नाही. पोथी आमची, दक्षिणा तुमची, हा जुना व्यवहार आम्हाला या वाक्यात ऐकू आला.

उस्तादचा बल्ब

गाडी तिथून ओढून जालन्यात एका जुन्या गॅरेजमध्ये आणली. तिथले उस्ताद तीस वर्षांपासून डिझेलच्या कामात आहेत. शाळा त्यांनी चौथीत सोडली. त्यांनी आधी भावाला चहा पाजला आणि मग म्हणाले, "भाऊ, डब्बा आखरी में बदलते. पहले देखना पडता, डब्बे को खाना मिलरा क्या नई."

त्यांनी जे केले ते इथे सविस्तर लिहितो, कारण आपल्या पोरांच्या उपयोगाचे आहे.

प्रथम बॅटरी तपासली. मग फ्यूज आणि मेन रिले. मग ईसीएमचा कपलर काढून आत पाणी शिरले आहे का, पिना हिरव्या पडल्या आहेत का, हे पाहिले. गाड्या प्रेशरच्या पाण्याने धुतात आणि उंदीर वायरी कुरतडतात. पेटीच्या माथी मारलेले निम्मे रोग वायरिंगचे असतात, असे उस्तादांचे म्हणणे. मग त्यांनी सप्लायच्या वायरीला मल्टीमीटर न लावता हेडलाइटचा बल्ब लावला. आम्ही कारण विचारले. वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवते, पण बल्ब पेटायला खरा करंट लागतो. अर्थिंगही त्यांनी याच पद्धतीने तपासले. बल्ब लख्ख पेटला. म्हणजे पेटीला खाणे मिळत होते.

पुढची पायरी पाच व्होल्टची. ईसीएम अनेक सेन्सरना पाच व्होल्टचा पुरवठा करते. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तर तो सगळा पुरवठा खाली ओढतो आणि पेटी मेल्यासारखी वाटते. म्हणून उस्तादांनी रेल प्रेशरचा, अॅक्सिलेटर पॅडलचा आणि बाकीचे सेन्सर एकेक करून काढले. दर वेळी मीटर पाहिले. सगळे सेन्सर निघाले तरी पाच व्होल्ट आले नाहीत. मधली वायरिंगही तपासली, तीही चांगली निघाली. तेव्हाच ते म्हणाले, "अब बोलो डब्बा गया."

एवढ्यावर ते थांबले नाहीत. महिनाभरात गाडीचे काय काय काम केले, हे त्यांनी भावाला विचारले. उत्तर मिळाले : हौद्याला पाइपची जाळी वेल्डिंग करून घेतली होती. बॅटरीचे टर्मिनल न काढता. वेल्डिंगचा करंट गाडीच्या बॉडीतून परत जाताना वाट सापडेल तिकडून जातो, आणि त्याच बॉडीला ईसीएमचे अर्थिंग असते. पेटी उघडली तेव्हा आतल्या पट्टीवर जळाल्याचा काळा डाग होता. उस्तादांनी अल्टरनेटरचे चार्जिंगही मोजून घेतले, कारण त्याचा रेग्युलेटर बिघडून जास्त व्होल्टेज येत असेल तर नवी पेटीही आठ दिवसांत जळेल.

दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण दूर केले तर दुःख दूर होते, आणि त्याला मार्ग आहे. तथागतांची ही शिकवण आपण दर रविवारी विहारात ऐकतो. कोणी मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासून घ्या, असे बुद्धांनी कालामांना सांगितले, तेही ऐकतो. चौथी शिकलेल्या त्या मुसलमान कारागिराने बुद्धाचे नाव न घेता ते आमच्यासमोर करून दाखवले. आणि टाय घातलेल्या सुशिक्षित माणसाचे उत्तर होते, 'जातो.' शिक्षण आणि विवेक एकत्र नांदतातच असे नाही, ही गोष्ट बाबासाहेबांच्या अनुयायांनी तरी विसरू नये.

भावाचा यात काय दोष? वेल्डिंगपूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, जमल्यास ईसीएमचा कपलरही काढावा, आणि वेल्डिंगची अर्थिंग जिथे जोड मारायचा त्याच्या अगदी जवळ लावावी, हे ना वेल्डिंगवाल्याला कोणी शिकवले होते, ना गाडीमालकाला. गाडीसोबत मिळालेली पुस्तिका इंग्रजीत होती.

कुलूप नेमके कुठे

निदान पक्के झाले, आणि इथे उस्तादांचे हात थांबले. "इसके आगे मेरी पढाई नई भाऊ," ते म्हणाले. तीस वर्षांचा अनुभव एका पासवर्डपाशी येऊन अडला.

पूर्वीच्या पंपाच्या डिझेल गाडीत एक पार्ट काढून दुसरा बसवला की काम संपायचे. ईसीएमचे तसे नाही. पेटीत गाडीचा चेसिस नंबर लिहावा लागतो. चावीत चिप असेल तर तिची आणि पेटीची ओळख करून द्यावी लागते, नाहीतर पेटी इंजिन सुरूच होऊ देत नाही. प्रत्येक इंजेक्टर घडणीत केसभर वेगळा असतो. तो फरक सांगणारा कोड त्याच्यावर छापलेला असतो, आणि तो कोड ज्या त्या सिलिंडरच्या नावाने पेटीत भरावा लागतो. तो चुकला तर गाडी धूर सोडते, खडखडते. हे सगळे लिहिण्याचे सॉफ्टवेअर कंपनीकडे आणि कंपनीच्या अधिकृत सेंटरकडे. बाहेरच्या उस्तादाला ते पैसे देऊनही सरळ मार्गाने मिळत नाही.

मग आडवाट शोधावी लागते. शहरात एक कोडिंगवाला सापडला. जळालेल्या पेटीतली मेमरीची चिप शाबूत होती. तिच्यातली सगळी माहिती त्याने वाचून घेतली आणि त्याच पार्ट नंबरच्या जुन्या पेटीत उतरवली. त्यामुळे चावी, चेसिस नंबर, इंजेक्टरचे कोड, सगळे जुनेच राहिले. जुनी पेटी आम्ही पक्के बिल घेऊनच खरेदी केली होती, कारण या बाजारात चोरीच्या गाड्यांचा मालही फिरतो. पेटी आणि कोडिंग मिळून चौदा हजार लागले. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून उस्तादांनी पेटी बसवली, अर्थिंगचे बोल्ट घासून कसले, आणि दुसऱ्या सेल्फला गाडी लागली.

पण कोडिंगवाल्याने काम करताना आम्हाला खोलीबाहेर बसवले होते. उस्तादांनाही. लॅपटॉपचा पडदा कोणी पाहायचा नाही. त्याच्याकडे काम करणारी दोन पोरे आमच्याच समाजाची निघाली. एक गाड्या धुवायचा, दुसरा पेट्या काढून आणायचा आणि परत बसवायचा. तीन वर्षांपासून.

"कोडिंग शिकलास का?" आम्ही विचारले.

"नाही दादा. ते मालकाचा भाचा करतो."

कंपनीने उस्तादाला बाहेर ठेवले. उस्तादाला बाहेर बसवणाऱ्याने आमच्या पोराला बाहेर ठेवले. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हणून जी गोष्ट सांगितली ती अशीच चालते. प्रत्येकाच्या डोक्यावर कोणीतरी आहे, पायाखालीही कोणीतरी आहे, आणि सगळ्यात खाली कोण हे ठरलेले आहे.

गिरणीतले खाते, गॅरेजमधला लॅपटॉप

ज्यांना ही तुलना ओढूनताणून वाटते त्यांनी मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास आठवावा. गिरणीत अस्पृश्य कामगार हजारोंनी होते. पण कापड विणण्याचे खाते, जिथे पगार जास्त, तिथे त्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागते आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे सवर्ण कामगार म्हणत. यंत्र आधुनिक, मालक आधुनिक, युनियनची भाषा क्रांतीची, आणि खाते मात्र जातीचे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोकपणे मांडला होता. पुढे १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जात ही कामाची साधी वाटणी नसून कष्टकऱ्यांनाच एकमेकांपासून तोडणारी व्यवस्था आहे, असा युक्तिवाद त्यांनी केला. त्यामागे गिरणगावातला हा अनुभवही होता, असे आम्हाला वाटते.

आणखी एक गोष्ट आपल्या भाषणांत क्वचित येते. १९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अनुसूचित जातींच्या तक्रारींचे जे निवेदन दिले, त्यात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या तर मागितल्याच, शिवाय सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने इथे आपल्या मुलांना तांत्रिक प्रशिक्षण मिळावे अशी मागणीही केली. बाबासाहेबांना आपला मुलगा बॅरिस्टर झालेला हवा होता, तसाच यंत्र जाणणाराही हवा होता. आपण पहिले स्वप्न भिंतीवर टांगले आणि दुसरे विसरलो.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा येईल : अत्याचार चालू आहेत, आरक्षण पोकळ होत आहे, आणि तुम्ही पिकअपच्या पेटीवर लिहिता? होय, लिहितो. त्या नऊ दिवसांत भावाचे भाडे बुडाले, दोन शेतकऱ्यांनी माल दुसऱ्या गाडीला दिला, आणि हप्त्याची तारीख एक दिवसही थांबली नाही. गाडी फायनान्सवाल्याने ओढून नेली की तो भाऊ पुन्हा कोणाच्या शेतात मजुरीला जातो आणि गावात त्याची मान पुन्हा खाली जाते. स्वाभिमानाला उत्पन्नाचा आधार लागतो.

दुसरा आक्षेप कंपनीच्या बाजूचा. कुलूप नसेल तर गाड्या चोरीला जातील, लोक सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करून प्रदूषण वाढवतील. यात तथ्य आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले, आणि धूर कमी ठेवणाऱ्या यंत्रणेवर देखरेख ठेवण्याचे कामही या पेटीकडेच आहे. धूर काढणाऱ्या गाड्या सगळ्यात आधी रस्त्याकडेच्या वस्त्यांची फुप्फुसे जाळतात, आणि त्या वस्त्या आपल्याच आहेत. म्हणून कुलूप तोडा असे आम्ही म्हणत नाही. आमची मागणी आहे की किल्ली परवानाधारक, प्रशिक्षित बाहेरच्या कारागिरालाही वाजवी दरात मिळावी. त्याची नोंद ठेवा, जबाबदारी ठरवा. पण फक्त आमच्याच दुकानात या, हे सुरक्षेचे नाव घेऊन चालवलेले वतन झाले.

तिसरा आक्षेप आमच्याच मित्रांचा. सॉफ्टवेअरचे कुलूप आणि जातीचे कुलूप एकच कसे? एक नाहीतच. कंपनीचे कुलूप पैशाने उघडते, जातीचे पैशानेही उघडत नाही. कंपनी कोणाची जात विचारत नाही. पण ज्याच्या घरी दोन पिढ्यांचा पैसा आहे, ओळख आहे, इंग्रजी आहे, तो कंपनीच्या कुलपापाशी अडखळतो आणि पुढे जातो. ज्याच्याकडे यातले काहीच नाही तो तिथेच थांबतो. तो कोण, हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

कायदा काय म्हणतो

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधने बाहेरच्या गॅरेजला न देऊन या कंपन्या बाजार अडवून ठेवतात, हा ठपका होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे तिने निवडली, आणि त्याच वर्षी एक पोर्टल सुरू झाले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी मोठ्या बहुमताने वाहनदुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला होता. आपल्याकडे हा विषय कोणत्या पक्षाच्या जाहीरनाम्यात ठळकपणे दिसतो? आपल्या पक्षांनाही आम्ही हेच विचारतो.

एक कलम मात्र आजच हाताशी आहे. गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही, असे सांगून अनेकांना परतवले जाते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) मधील स्पष्टीकरण वाचा. फक्त स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त धरली जात नाही. स्वतःची पिकअप स्वतः चालवून पोट भरणारा माणूस याच आधारावर जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागू शकतो. त्यासाठी कागद हवा. म्हणून निदान लेखी मागा, स्कॅनरचा रिपोर्ट मागा, काढलेला जुना पार्ट मागा, पक्के बिल मागा.

आता काय करायचे

आमच्या विहारात स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका आहे. चांगली चालते. जागा शंभर आणि अर्ज लाखभर, अशा रांगेत आपली पोरे तिशी गाठतात, हेही आम्ही तिथेच रोज पाहतो. गेल्या काही महिन्यांपासून त्याच खोलीत रविवारी वंदनेनंतर दोन तास आम्ही एक मल्टीमीटर, एक टेस्ट लॅम्प आणि भंगारातून आणलेले वायरिंग घेऊन बसतो. शिकवायला उस्ताद येतात. मानधन घेत नाहीत, चहा घेतात. सात पोरे आणि दोन मुली येतात. कोडिंग शिकवणारा अजून मिळालेला नाही, शोध चालू आहे. वाचकांपैकी कोणी या कामात असेल, आयटीआयमध्ये निदेशक असेल, कंपनीत ट्रेनर असेल, तर आपल्या जवळच्या विहाराला महिन्यातून एक दिवस द्या. धम्मदान केवळ दानपेटीतच टाकावे लागते असे नाही.

आणि जी पोरे आज गॅरेजमध्ये, शोरूममध्ये, वॉशिंगच्या रॅम्पवर आहेत त्यांना एवढेच सांगणे. बाबांनो, पाना चांगला चालवता, तो सोडू नका. पण पेटी काढून देऊन बाहेर थांबू नका. आत काय चालले आहे ते विचारा. पहिल्यांदा हाकलतील, दुसऱ्यांदा हसतील. महाडच्या तळ्यावरही आपल्याला कोणी ओंजळ भरून दिली नव्हती.

'शिका' हा शब्द बाबासाहेबांनी फक्त पदवीसाठी वापरला नाही. जे जे आपल्यापासून झाकून ठेवले जाते ते ते उघडून पाहणे, म्हणजे शिकणे. एके काळी ते वेद होते, मग विणकामाचे खाते होते, आज लॅपटॉपचा पडदा आहे. झाकणाऱ्यांचे हात बदलत राहतील. उघडणारे हात आपल्याला तयार करायचे आहेत.

जय भीम!